सेवेला पदवी कशाला?

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. कोण इंजिनिअरिंगला जाणार, कोण फार्मसीला, कोण मेडिकलची यादी पाहणार. आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीने जेवणाच्या पाटावर जाहीर केले, "मी समाजकार्य घेणार. चार वर्षांचं. ऑनर्स करणार." क्षणभर सगळे गप्प झाले. मग भावोजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "सेवा करायला कॉलेजात कशाला जायला हवं? आमच्या आईने वाड्यावरच्या किती बाळंतिणींना हात दिला असेल, तिच्याकडे कुठली पदवी होती?"

यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आर्ट्स घेऊन माणसाचे पुढे काय होते याचा घरातला चालताबोलता दाखला मीच. इतिहासात बी.ए. आणि गेली वीसेक वर्षे सरकारी खात्यात कारकून. भाची म्हणाली, "मामा, तू तरी सांग ना काहीतरी." मी त्या दिवशी ताकाचा भुरका मारून वेळ निभावून नेली. पण भावोजींचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. प्रश्न बरोबरच आहे. सेवा ही वृत्ती आहे, तिचे धडे कसले? तिला परीक्षा कसली, आणि तिच्यात 'ऑनर्स' म्हणजे विशेष मान तरी कसला? त्यानंतर जे थोडेबहुत वाचले, आणि जे कार्यालयातल्या खिडकीशी बसून पाहिले, ते एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. दानधर्म ही गोव्याला नवी गोष्ट नव्हे. १४९८ साली पोर्तुगालमध्ये राणी लिओनोरच्या पुढाकाराने 'सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया' नावाची संस्था उभी राहिली आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच ती जुन्या गोव्यात येऊन पोहोचली. दयेची चौदा कृत्ये तिने नेमून घेतली होती, सात देहाची आणि सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, कैद्याला भेटावे, मेलेल्याला माती द्यावी, अशी ती यादी. इकडे देवळांतून अन्नसंतर्पणे होती, महाजनांची वर्षासने होती, वाटसरूंसाठी अग्रशाळा होत्या. पुढे पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात 'प्रोव्हेदोरिया' आली. तिचे वृद्धाश्रम आपल्याकडे अजून चालतात आणि जुनी माणसे अजून त्याच नावाने तिला ओळखतात.

या सगळ्यात चांगुलपणाला तोटा नव्हता. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दान कसे द्यावे, केव्हा द्यावे, दिल्याने देणाऱ्याला काय पुण्य लागते, याचा विचार दोन्ही धर्मांत पुष्कळ झाला होता. घेणाऱ्याचे पुढे काय झाले, तो पुन्हा दारात का आला, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता. सेवेचा 'अभ्यास' सुरू झाला तो या प्रश्नापासून.

महाराष्ट्रात हे भान विद्यापीठाच्या बाहेर आधी आले. नामदार गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी घातली. देशासाठी आयुष्य वाहायला तयार असलेल्या पदवीधरालाही आधी पाच वर्षे शिका, वाचा, फिरा असे सांगणे ही त्या काळी केवढी धीट गोष्ट! दक्षिण आफ्रिका गाजवून १९१५ साली परतलेल्या गांधींनाही गोखल्यांनी वर्षभर देश नुसता पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका, असेच सांगितले होते. याच समाजातले नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या चाळींत वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने यांतून त्यांनी जे काम केले, त्यातूनच पुढे कामगार चळवळीतले ना. म. जोशी घडले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला तौलनिक धर्माचा अभ्यास करून आले आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन उघडले. पळी-पंचपात्र सोडून वस्तीत जाऊन बसायचे, तर आधी काहीतरी शिकावे लागते, हे या माणसांनी ओळखले होते. मात्र ती उमेदवारी होती, व्रत होते. पदवी नव्हती.

आता जरा दूर जाऊ, कारण पदवीची गोष्ट इंग्लंडात सुरू होते आणि 'ऑनर्स' हा शब्दही तिथलाच. ऑक्सफर्डने १८०० साली परीक्षेचे नियम नव्याने केले. त्याआधीची परीक्षा नावापुरती असे. नव्या नियमांनी साधी पदवी वेगळी आणि जास्त कठीण परीक्षा देऊन मिळवायचा मान वेगळा, अशी वाट निघाली. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला रॉबर्ट पील १८०८ साली अभिजात भाषा आणि गणित अशा दोन्ही विषयांत पहिल्या वर्गात आला, तेव्हा त्याची केवढी वाहवा झाली. राज्य चालवणारा वर्ग या मानकऱ्यांच्या यादीतून निवडला जाऊ लागला. आपल्याकडे आलेले कित्येक आय.सी.एस. साहेब याच कारखान्यातून निघालेले.

पण या मानकऱ्यांपैकी काहींना एक दिवस लाज वाटू लागली. लंडनच्या पूर्व भागात माणसे एका खोलीत आठ-आठ दहा-दहा राहतात आणि आपण ग्रीक नाटके पाठ करतो, ही ती लाज. सॅम्युअल बार्नेट नावाच्या पाद्र्याने १८८४ साली व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल उघडला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी तिथे येऊन राहायचे. भेट देऊन परत जायचे नाही, वस्तीत बिऱ्हाड करायचे. त्याआधीच्या वर्षी अवघ्या तिशीत वारलेल्या आर्नल्ड टॉयन्बी या अर्थशास्त्रज्ञाचे नाव या घराला दिले होते.

१८८८ साली जेन ॲडम्स ही अमेरिकन तरुणी तिथे येऊन गेली. परत जाऊन १८८९ साली तिने एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागोत 'हल हाऊस' उघडले. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू, पोलिश अशी देशोदेशींहून पोट भरायला आलेली माणसे. हल हाऊसच्या बायकांनी पाळणाघर चालवले, स्वयंपाकघर चालवले, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. घरोघर फिरून कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक राहतात, आठवड्याला किती कमावतात, याचे रंगीत नकाशे तयार केले आणि १८९५ साली ते पुस्तकरूपाने छापले. इथे सेवेच्या हातात पहिल्यांदा वही आणि पेन्सिल आली, असे मला वाटते. दया करणाऱ्याला नकाशा लागत नाही. कारण शोधणाऱ्याला लागतो.

न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली दानसंस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाला; त्यातूनच पुढे समाजकार्याची पूर्ण शाळा उभी राहिली. पण विद्वानांना हे पटेना. १९१५ साली बाल्टिमोरच्या परिषदेत अब्राहम फ्लेक्स्नरला बोलावले होते. हा साधासुधा माणूस नव्हे. १९१० साली त्याने अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची तपासणी करून असा अहवाल दिला होता की त्यामुळे कित्येक कॉलेजे बंद पडली. समाजकार्य हा व्यवसाय आहे काय, या प्रश्नाला त्याने सरळ 'नाही' असे उत्तर दिले. डॉक्टरकडे स्वतःचे शास्त्र असते, वकिलाकडे असते. समाजकार्यकर्ता तर आजाऱ्याला डॉक्टरकडे आणि भांडणाऱ्याला वकिलाकडे पाठवतो. म्हणजे तो मध्यस्थ झाला, त्याचे स्वतःचे शास्त्र कोणते?

आमच्या भावोजींचाच प्रश्न, फक्त सुटाबुटात.

दोन वर्षांनी, १९१७ साली, मेरी रिचमंड या बाईंनी 'सोशल डायग्नोसिस' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. रिचमंडबाई स्वतः कॉलेजात गेलेल्या नव्हत्या. दानसंस्थेच्या कचेरीत हिशेबाच्या नोकरीपासून वर आलेल्या. (मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते ती यामुळे.) त्यांचे म्हणणे असे की मदत मागायला आलेल्या माणसाची अडचण तो सांगतो तेवढीच नसते. त्याचे घर, शेजार, नोकरी, जुने आजारपण, सरकारी नोंदी, या सगळ्यांतून पुरावा गोळा करून निदान करावे लागते. कुणाला काय विचारायचे आणि मिळालेल्या उत्तराला किती वजन द्यायचे, हे शिकता येते आणि शिकवताही येते. फ्लेक्स्नरला याहून चांगले उत्तर कुणी दिले असेल असे वाटत नाही.

ही शिकागोची विद्या मुंबईत आली ती एका मिशनऱ्याबरोबर. क्लिफर्ड मॅन्शार्ट हा शिकागो विद्यापीठाचा डॉक्टरेट झालेला तरुण १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत उतरला. हे तेच मिशन, ज्याने 'ज्ञानोदय' चालवला. मॅन्शार्टने नागपाड्यात 'नेबरहूड हाऊस' सुरू केले. नागपाडा म्हणजे त्या वेळी मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी सगळी सरमिसळ, शेजारी कामाठीपुरा, थोड्या अंतरावर गिरण्या. हल हाऊसची आठवण यावी अशीच जागा. त्याने धर्मांतराची भाषा बाजूला ठेवून दवाखाना, वाचनालय, व्याख्याने, खेळ यांवर भर दिला. नागपाड्यातले बास्केटबॉल पुढे देशभर प्रसिद्ध झाले, त्याचे मूळ याच अंगणात आहे.

आपल्या लोकांना नागपाडा परका नव्हता. माझगाव, भायखळा, धोबीतलाव या भागांत गोमंतकीयांच्या कुडी होत्या. बोटीवर चढायची वाट पाहणारा तारवटी, आचारी, वाजंत्री, सगळे आपापल्या गावच्या कुडीत ट्रंक ठेवून राहत. आजारी पडला तर गाववाले बघत, मेला तर गाववाले पुरत. हिंदू गोमंतकीय बहुधा गिरगावच्या चाळींत. परमुलखात गाववाल्याने गाववाल्याला सांभाळायचे, ही आपली समाजसेवेची पद्धत. पण ज्याला गाववालाच नाही, त्याने काय करायचे? मोठ्या शहराचा प्रश्न तिथे सुरू होतो.

सर दोराबजी टाटा ३ जून १९३२ रोजी जर्मनीत वारले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली बहुतेक सगळी संपत्ती विश्वस्त निधीत घातली होती. हा पैसा कसा खर्चावा यासाठी विश्वस्तांनी मॅन्शार्टचा सल्ला घेतला. त्याने सांगितलेली गोष्ट वरवर साधी होती. दारात येईल त्याला थोडे थोडे वाटत बसलात, तर निधी संपेल आणि रांग संपणार नाही. पैसा माणसे तयार करण्यात घाला. त्यातून १९३६ साली नागपाड्याला 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. आशिया खंडातल्या अशा पहिल्यावहिल्या शाळांपैकी ही एक. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी. प्रवेश पदवीधरांना, अभ्यास दोन वर्षांचा, आणि वर्गातल्या तासांइतकेच महत्त्व वस्तीतल्या कामाला. १९३७ साली शाळेने मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९४० साली समाजकार्यावरचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. १९४१ साली मॅन्शार्ट मायदेशी गेल्यावर डॉ. जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांचे हे थोरले बंधू. १९४४ साली शाळेचे नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले, १९५४ साली ती देवनारला गेली, १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आता भावोजींसारखा व्यवहारी माणूस विचारील, शिकून नोकरी कुठे? याचे उत्तरही इतिहासात आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. मोठ्या इस्पितळांतून वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांची पदे निघू लागली. कायद्याने पद निर्माण केले, पदाने पदवीला किंमत आणली. त्याच सुमारास दिल्लीला, काशी विद्यापीठात आणि मराठी माणसांच्या जिव्हाळ्याच्या बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले. ज्या सयाजीरावांनी महर्षी शिंद्यांना आधार दिला, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात हा विषय रुजावा, यात एक औचित्य आहे.

सगळे गोडच झाले असे मात्र नव्हे. अमेरिकेतून आलेली पद्धत एकेका व्यक्तीच्या अडचणीवर भर देणारी. शिकागोतल्या एखाद्या बेकाराला समुपदेशन करून उभे करता येईल, पण जिथे गावेच्या गावे दुष्काळात आणि जातीच्या चौकटीत अडकलेली, तिथे एकट्या माणसाचे निदान करून काय साधणार? ही टीका बाहेरून झाली तशी आतूनही झाली. हुबळीत जन्मलेले, या संस्थेत शिकून पुढे १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे तिचे संचालक राहिलेले डॉ. माधव सदाशिव गोरे यांनी समाजकार्याला समाजशास्त्राची बैठक दिली. १९६५ साली त्यांचे समाजकार्याच्या शिक्षणावरचे पुस्तक निघाले. आणि उतारवयात त्यांनी दोन मोठे अभ्यास केले, एक महर्षी शिंद्यांवर आणि दुसरा डॉ. आंबेडकरांच्या विचारांवर. शिकागोची विद्या शिकलेला माणूस शेवटी आपल्याच मातीतल्या दोन कर्त्या पुरुषांकडे वळला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

ऑनर्सचा धागा मध्येच राहिला, तो आता उचलतो. अमेरिकेतली कॉलेजे गर्दीची झाली, तेव्हा हुशार मुलाला सरासरीच्या चालीने चालावे लागते अशी तक्रार होऊ लागली. फ्रँक आयडेलॉट हे ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर राहून आलेले गृहस्थ १९२१ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले. १९२२ पासून त्यांनी शेवटच्या दोन वर्षांसाठी वेगळी वाट काढली. नेहमीचे तास नाहीत. मोजक्या मुलांची बैठक, प्रत्येकाने स्वतः वाचून निबंध लिहायचा, इतरांनी तो तपासायचा, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या कॉलेजातले प्राध्यापक. म्हणजे आपल्या गुरूला खूश करून मान मिळायचा नाही. पुढे अनेक कॉलेजांनी हे थोड्याफार फरकाने उचलले.

अमेरिकन मानाची पदवी म्हटली की गोमंतकीयाला एक नाव आठवायलाच हवे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ साली हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीचा मान घेऊन पदवीधर झाले. कोसबेंचा मुलगा तो. आणि त्यांचे वडील, साखवाळचे धर्मानंद कोसंबी, शाळेचे शिक्षण जवळपास नसताना बुद्धधर्माच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघालेले आणि पुढे हार्वर्डला पाली ग्रंथांवर काम करून आलेले. त्याच धर्मानंदांनी १९३७ साली मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बहुजनविहार उभा केला. नागपाड्याची शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. हार्वर्ड पाहून आलेला एक गोमंतकीय म्हातारा कामगारांत जाऊन बसतो आणि मैल-दोन मैलांवर शिकागोहून आलेला एक अमेरिकन वीस मुलांना तेच करायला शिकवतो. मुंबईच्या त्या दोन वर्षांकडे पाहिले की विद्वत्ता आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे म्हणवत नाही.

अमेरिकेत मात्र १९६० नंतर वेगळीच अडचण उभी राहिली. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सहीने मनोरुग्णांना मोठ्या इस्पितळांतून काढून गावोगावच्या केंद्रांत उपचार देण्याचा कायदा झाला. १९६४ साली जॉन्सन सरकारने गरिबीविरुद्ध मोहीम उघडली. केंद्रे निघाली, पण तिथे बसायला माणसे कुठून आणायची? समाजकार्याची वरची पदवी घेतलेले मोजकेच, आणि गरीब वस्तीशी त्यांची ओळखही बेताचीच. तेव्हा आर्थर पर्ल आणि फ्रँक रिसमन यांनी १९६५ साली एक उलटी सूचना केली. गरिबांसाठी काम करायला गरिबांनाच घ्या, आधी काम द्या आणि कामाबरोबर शिकवा. न्यूयॉर्कमध्ये ऑड्री कोहेन या बाईंनी १९६४ सालीच कमी उत्पन्नाच्या बायकांसाठी असा वर्ग काढला होता. १९७० साली त्याचे 'कॉलेज फॉर ह्यूमन सर्व्हिसेस' झाले. मनोरुग्ण, म्हातारे, व्यसनी, सुटलेले कैदी, पोरकी मुले, या सगळ्यांच्या कामाला मिळून 'ह्यूमन सर्व्हिसेस' हा शब्द रूढ झाला आणि त्या नावाचा मुख्य विषय घेऊन पदवी करता येऊ लागली. १९७५ साली या शिक्षकांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

ऑक्सफर्डची वाट वरून खाली येणारी होती: आधी मान, मग वस्ती. ही नवी वाट खालून वर जाणारी: आधी वस्ती, मग मान. आज तिथल्या अनेक कॉलेजांत ह्यूमन सर्व्हिसेसचा विद्यार्थीही ऑनर्स करू शकतो. नुसते जास्त गुण मिळवून ते होत नाही. एखाद्या संस्थेत ठरलेले तास काम करायचे, तिथे दिसलेला एक प्रश्न धरायचा, त्यावर प्रबंध लिहायचा आणि तो तोंडी परीक्षेत टिकवायचा. दोन्ही वाटा इथे येऊन मिळतात.

आपल्याकडे या गोष्टी उशिरा आल्या, आणि त्याला कारण आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला तोवर इथे वैद्यकीय शाळा होती, लिसेव होते, पण आर्ट्स-सायन्सचे कॉलेज नव्हते. १९६२ साली पणजी आणि मडगावला पहिली कॉलेजे निघाली, तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. आपले विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. समाजकार्याची पदवी इथेच घेता येऊ लागली ती गेल्या काही वर्षांत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीला 'ऑनर्स' हे नाव मिळाले. तीन वर्षांना १२० श्रेयांक, चार वर्षांना १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला संशोधनासह ऑनर्स. भाची जे म्हणत होती ते हे.

श्रेयांक कारकुनाला लगेच समजतात. पण त्यांच्या पलीकडचे काय ते मला एका म्हातारीने शिकवले.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात निराधारांच्या अर्जांच्या खिडकीवर होतो. दूरच्या गावाहून एक विधवा यायची. खिडकीशी आली की विचारायची, "बाबा, पयशे केन्ना येतले?" अर्जावरचे नाव आणि जन्मनोंदीवरचे नाव जुळत नव्हते. मी दोनदा अर्ज परत केला, शेरा मारला, 'नाव जुळत नाही'. मी कठोर होतो असे नाही. एकदा तिला चहा पाजला, एकदा परतीच्या बसचे पैसे दिले. घरी येऊन बायकोला सांगितलेही, बिचारीचे फार हाल आहेत म्हणून. आणि वाटले, आपण माणुसकीने वागलो.

तिसऱ्या खेपेस तिच्याबरोबर एक मुलगी आली. समाजकार्याची विद्यार्थिनी, क्षेत्रकार्यासाठी त्या भागात नेमलेली. ती बाकावर म्हातारीशेजारी बसली, वही काढली आणि अर्धा तास नुसती गप्पा मारत राहिली. माहेर कुठले, भावंडे किती. मग सहज विचारावे तसे विचारले, "आजी, लग्नाआधी तुम्हांला काय म्हणून हाक मारायचे?"

म्हातारीने लाजून एक नाव सांगितले. जन्मनोंदीवर तेच होते. आपल्या हिंदू घरांत लग्नात मुलीचे नाव बदलत, हे मला का ठाऊक नव्हते? माझ्या स्वतःच्या आजीचे नाव बदललेले होते! पण माझा प्रश्न कायम एकच, कागद कुठे आहे. त्या पोरीचा प्रश्न माणसाविषयी होता. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले, अर्ज मंजूर झाला. मात्र मधले वर्षभर गेले ते गेलेच. मागचे पैसे मिळत नाहीत. तेवढ्या महिन्यांची तिची औषधे, तिचे तांदूळ माझ्या शेऱ्याखाली गेले, आणि मी तिला चहा पाजला होता.

मेरी रिचमंडबाईंचे पुस्तक मी पुष्कळ नंतर पाहिले. पाहताना ती बाकावरची मुलगी डोळ्यांसमोर होती. दया माझ्याजवळ होती, आणि खोटी नव्हती. नव्हते ते शिक्षण. कुणाला काय विचारायचे हे मला कुणी शिकवले नव्हते आणि ते शिकवता येते हेही मला माहीत नव्हते.

भावोजींच्या आईविषयी मला आदर आहे. पण त्या माउलीला वाड्यावरची प्रत्येक सून माहेरच्या नावासकट ठाऊक होती. तिची पदवी म्हणजे तो वाडा. आज खिडकीच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याला ओळखत नाही. बदलीवर येतो, बदलीवर जातो. वाड्याने जे फुकट शिकवले ते आता कुठेतरी बसून, वही घेऊन, परीक्षा देऊन शिकावे लागणार.

पुढच्या रविवारी बहिणीकडे गेलो तेव्हा भावोजींना हे सगळे इतक्या विस्ताराने सांगितले नाही. फक्त म्हातारीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या आईचंही माहेरचं नाव वेगळं होतं. तिच्या कागदांवर कुठलं आहे, बघायला हवं."

भाचीने आतून वही आणली.